मॅटाडोरला शनिवारचं तेल

४ मे, रविवार

जॅक लावला, पुढची दोन्ही चाकं काढली, बाबांची जुनी मॅटाडोर व्हॅन ठोकळ्यांवर बसवली. आता माघार नाही! बिदरचा वीरेश अठरा तारखेला गाडी विकत घ्यायला येतोय. जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस. अट एकच — गाडी त्याच्यासमोर चालली पाहिजे.

बाबा याच गाडीतून कापडवाल्यांना देगलूरच्या बाजाराला न्यायचे. ते गेल्यापासून ती अंगणात उभीच. इंजिन जलीलचाचांनी मागच्या महिन्यात सुरू करून दिलं. बाबांचे जुने मिस्त्री आणि दोस्तही. पण स्टेअरिंग फिरवायला दोन माणसं लागतात, आणि पुढून अशी कुरकुर की शेजारी दार उघडून बघतात. शाळेला सुट्टी आहे. आठवीला घर्षण शिकवते, आता स्वतः भोगते आहे.

६ मे

"राजकन्या, हातोडा हाय तो, पळी न्हाई. मार की जोरात!" — चाचा. नाव राजकन्या आणि कोपरापर्यंत काळं ग्रीस!

आई ओट्यावरून बघत होती. गाडी विकायची ठरल्यापासून तिचं बोलणंच कमी झालंय. विकू का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला जमंल तसं कर." याला काय होकार म्हणायचं? बाबांची आठवण विकते आहे असं वाटतं तिला, दुसरं काय. मलाही वाईट वाटतंच की. पण अंगणात गंजत ठेवून तरी काय मिळणार?

८ मे

चाकांमागच्या सांध्यांतले रबरी बुश निघाले. निघाले कसले — उन्हात ठेवलेल्या गुळासारखे हाताला चिकटले! चाचा भडकले. "रबरावर तेल कोन ओतलं गं? फुगून सडलं की सगळं!"

कुणी ओतलं ते मला पक्कं माहीत. आई दर शनिवारी मारुतीला तेल वाहून येते आणि वाटीत उरलेलं गाडीच्या पुढच्या चाकांमागे ओतते. बाबा होते तेव्हापासून. मला वाटायचं, तिची भक्ती आहे, गाडी सुखरूप राहावी म्हणून. आता तिला सांगू कसं?

९ मे

नाही सांगितलं.

१० मे, शनिवार

वाटी घेऊन आली. मग बोलून टाकलं एका दमात — रबर सडलंय, तुझ्या तेलानं. ती वाटी धरून तशीच उभी.

"म्हंजे मीच खराब केली व्हय?"

जीभ का चालवली असं झालं. तेवढ्यात गाडीखालून चाचा ओरडले, "भाभी, इकडं या!" ज्या पिनांवर चाक वळतं त्या ते काढत होते. इतकी वर्षं उभ्या गाडीत त्या गंजून जाम होतात, कापूनच काढाव्या लागतात, आणि नव्या आता मिळत नाहीत. पण आईचं तेल झिरपत तिथवर पोचलं होतं. चार ठोक्यांत बाहेर!

"रबर गेलं तर गेलं, ते बनवता येतंय. लोखंड तुमीच वाचवलं भाभी."

आई हसली. किती दिवसांनी! मग म्हणाली, "स्टेअरिंग हलकं व्हईल का?" चाचा म्हणाले, होईल. तिनं पुन्हा विचारलं. तेही पुन्हा म्हणाले, होईल.

१३ मे

बुशसाठी नांदेड. उन्हानं जीव गेला. दोन दुकानदार हसले, एकानं तर "ताई, भंगारात बघा" म्हणून वाट दाखवली. शेवटी एका लेथवाल्यानं मापं बघून नायलॉनचे करून दिले. येताना एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

१६ मे

सगळं परत बसलं. ग्रीस भरायची तोंडं, म्हणजे निप्पल, मातीनं बुजलेले, ते रॉकेलनं धुतले. मग ग्रीस गन. आधी काळा चिखल बाहेर, मग स्वच्छ पिवळं ग्रीस. काय समाधान!

आईनं गन मागितली. साडी खराब होईल म्हटलं, तर म्हणे, "होऊ दे." उजव्या चाकाचं सगळं ग्रीस तिनंच भरलं.

१७ मे, शनिवार

गाडी चालली! चाचांनी मैदानाला चक्कर मारली. कुरकुर नाही, धक्के नाहीत. मी स्टेअरिंग धरलं तर एका हातानं फिरलं. डोळे भरून आले, लपवू कशाला.

आई मारुतीहून आली, वाटी रिकामी. गाडीजवळ थांबली, पण काही ओतलं नाही. उद्या वीरेश.

१८ मे

सकाळी बघते तर आई ड्रायव्हरच्या सीटवर. पदर खोचलेला. "तुझ्या बाबांना लई डाव म्हनलं, मला शिकवा. म्हनायचे, स्टेअरिंग जड हाय, तुला वढायचं न्हाई. म्हनून तर तेल ओतत होते मी. आता हलकं झालंय. क्लच कंचा ते दाव."

वीरेशला फोन केला — येऊ नका.