ती गप्प नव्हती

अकलूज,
१९ मार्च २०२५

चि. सृष्टी,

सुखात राहा. आमच्याकडे सगळं बरं आहे. ह्यांचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो आणि औषधही ते पूर्वीइतकंच चुकवतात. ऊन आत्ताच असं तापलंय की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तुझी आई नीट जेवते, झोपते, संध्याकाळी माझ्याबरोबर कालव्यापर्यंत चालून येते. 'आई आत्याकडे हवापालटाला गेलीय' असं तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं म्हणे. मार्च महिन्यात अकलूजला हवापालट! साहित्याच्या प्राध्यापकाला थाप तरी बरी मारता यायला हवी होती.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधेच प्रश्न विचारशील. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मधल्या पायऱ्या गाळलेल्या मला चालत नाहीत.

तुझ्या वडिलांच्या महिला दिनाच्या भाषणाचा तो व्हिडिओ तू घरच्या ग्रुपवर पाहिलास. खाली लिहिलंस, 'पप्पा, रडले मी. ही बाई कोण?' त्यावर त्यानं उत्तर दिलं, 'माझ्या परिचयातली एक स्त्री.' ते वाचून मी फोन गादीवर आपटला. तुला जो व्हिडिओ मिळाला तो कापलेला आहे. कापलेलं काय होतं ते सांगायला हे पत्र.

शिवू तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ. त्याला नाक शिंकरायला मी शिकवलं, त्यामुळे त्याच्याबद्दल आदर बाळगणं मला कधी जमलंच नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं जाहीर केलं, ''अक्का, आता मी फक्त बायकांनी लिहिलेलं वाचणार. बाईचा अनुभव आतून समजून घ्यायचाय.''

मी म्हटलं, ''घरात एक बाई तीस वर्षं आहे की.''

''तू फार शब्दशः घेतेस,'' म्हणाला, आणि हसला.

मग सोलापूरच्या घरात ते वाचन मंडळ सुरू झालं. सात पुरुष, एक पुस्तक, आणि आत तुझी आई. मी एकदा गेले होते. एक निवृत्त बँकवाले, एक दातांचे डॉक्टर, आणि एक कवी, जे ओळ संपायच्या आतच 'अहाहा' म्हणतात. चुलीपाशी आयुष्य गेलेल्या एका बाईबद्दलचं पान वाचून झालं, त्यावर तासभर उसासे झाले. तेवढा वेळ तुझी आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. बँकवाले वाटेत पाय पसरून बसले होते आणि 'पाय घ्या' म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी मी म्हटलं. चहा पिऊन झाल्यावर कवी म्हणाले, ''वहिनी, तुम्हीही बसा की.'' तुझे वडील म्हणाले, ''तिला वाचनाचं फारसं नाही.''

तिला होतं. ती पुस्तकं पलंगावर पडलेली असायची. दुपारी घर रिकामं झालं की ती उघडायची. एकात एका बाईनं स्वतःच्या गेलेल्या बाळाविषयी लिहिलं होतं. तुझी आई ते पुस्तक घेऊन शिवूकडे गेली आणि म्हणाली, ''हे वाचा. मला अगदी असंच झालं होतं.'' मी पुस्तकांना नावं ठेवते, हे तुला माहीत आहे. पण या पुस्तकाला ठेवणार नाही. जे तिला सांगता येत नव्हतं ते तिला त्यात सापडलं. पुढं जे झालं त्यात पुस्तकाचा दोष नाही.

आता इथं हात अडखळतोय. मघापासून गुडघा, ऊन, कवी असं सगळं लिहून झालं ते हे लांबवायलाच.

सृष्टी, तुझ्याआधी एक मुलगी झाली होती.

मैंदर्गीला, तुझ्या आजोळी. आठवडाभर होती. ताप आला आणि सोलापूरला पोचायच्या आत वाटेतच गेली. बारसंही झालं नव्हतं. तुला कुणी सांगितलं नाही, कारण आधी तू लहान होतीस आणि मग विषय निघायचं वयच कुठलं आलं नाही. हे मी तुला लिहावं, असं तुझ्या आईनंच सांगितलंय. पहिलं वाक्य तिला जड जातंय, पुढचं ती बोलेल.

व्हिडिओतली बाई ती. 'परिचयातली एक स्त्री.'

भाषणाला आम्ही दोघी दुसऱ्या रांगेत होतो. भाषणात काय आहे याची तिला कल्पना नव्हती. नवऱ्याचा सत्कार म्हणून इरकल नेसून आली होती. शिवूनं आधी त्या पुस्तकातलं पान वाचलं. मग डोळे मिटून म्हणाला, ''माझ्या परिचयातली एक स्त्री. तिचं बाळ गेलं. त्यानंतर कित्येक महिने तिनं तोंडातून शब्द काढला नाही. पण त्या मौनात मला अवघ्या स्त्रीजातीचा आक्रोश ऐकू आला.'' रुमाल काढला. सभागृह हळहळलं. तुला आलेला व्हिडिओ इथं संपतो.

तुझी आई उठून उभी राहिली.

''अहो, मी गप्प नव्हते.''

आवाज मोठा नव्हता. पण शेजारच्या दोन-तीन रांगा वळल्या.

''मी बोलत होते. तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायला गेलात.''

शिवू माईकवरच म्हणाला, ''हेमा, बस. नंतर बोलू.'' दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून ते 'नंतर बोलू' सगळ्यांनी ऐकलं. कवींना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं पाहून आणखी चौघांनी वाजवल्या.

तुझी आई फार हलली की तिच्या तोंडून कानडी येतं. ''नडीरी अक्का,'' म्हणाली. चला. आम्ही निघालो ते थेट एसटी स्टँडवर. पिशवी नाही, अंगावरची साडी तेवढी. मागून शिवू आला असेल असं समजून मी दोनदा वळून पाहिलं. तो सत्काराची शाल घेत होता, हे नंतर फोटोत दिसलं.

बसमध्ये तिनं मला सगळं सांगितलं. बाळ गेल्यावर ती बोलतच सुटली होती. दूधवाल्याला सांगायची, भाजीवालीला सांगायची, जिन्यात भेटेल त्याला सांगायची. शिवूला सांगायला लागली की तो म्हणायचा, ''हेमा, आता पुरे. पेपर तपासायचेत.'' मग त्यानं गादी बाहेरच्या खोलीत नेली. मग ती गप्प झाली. म्हणजे शिवूनं मौन ऐकलं हे खरं, पण आधी ते त्यानंच तयार केलं होतं.

चार दिवसांनी कुरिअरनं पार्सल आलं. मला वाटलं, तिचे कपडे पाठवले असतील. आत तीन पुस्तकं. जागोजागी खुणेच्या पट्ट्या, आणि वर चिठ्ठी: 'अक्का, हेमाला ही वाचायला दे. तिला स्वतःच्या भावना नीट उमजतील.' बाईला बाईच्या भावना उमजाव्यात म्हणून खुणा करून देणारा माझा हा भाऊ! मी एवढी हसले की ह्यांनी येऊन विचारलं, काय झालं. तुझी आई हसली नाही. तिनं माझ्याच दोन साड्या इस्त्रीला दिल्या.

रविवारी तो स्वतः आला. बसल्या बसल्या सुरू झाला, ''हेमा, तुझी वेदना मी समजू शकतो. ही दडपलेली अभिव्यक्ती...''

ती म्हणाली, ''तिचे केस कसे होते?''

''कुणाचे?''

त्याला कळलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. मग ती सांगायला लागली. केस, मूठ, जांभई, दूध पिताना मधेच झोपायची ते. खोटं कशाला बोलू, तो ऐकत होता. माझ्याही मनात आलं, माझ्या भावाला मी फारच बोलते. तेवढ्यात त्याचा हात खिशाकडे गेला. पेन आणि घडी घातलेला कागद.

''एवढं टिपून घेतो हं. फार जिवंत आहे.''

ती थांबली. पेनाकडे पाहिलं. ''चहा ठेवते,'' म्हणाली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. चहा मी केला. तो प्याला. जाताना मला दारात विचारतो, ''अक्का, बार्शीला याच विषयावर बोलावलंय. जाऊ ना?'' मी म्हटलं, ''जा की. या वेळी मधे उठणारं कुणी नसेल.'' तो खरंच निर्धास्त झाला.

ती परत सोलापूरला जाणार का, हे मी तिला विचारलं नाही. तूही विचारू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीनं ती तुझ्याकडे पुण्याला येतेय. तुझ्या दोन खोल्यांत अडचण होईल, होऊ दे. ती बोलेल तेव्हा 'आई, मला समजतंय' असं म्हणू नकोस. ते फार ऐकलंय तिनं. कुठं जायचं असेल तर रद्द कर. ती तेच तेच परत सांगेल. सांगू दे. मी इथं तीन वेळा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा ती पहिल्यांदाच रडली.

बापाशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी मैंदर्गीला तिला पाहिलं होतं. मांडीवर घेतलं होतं. तेही तुला कधीतरी सांगेन, पण आधी आईचं ऐक.

तुम्हां दोघी बहिणींची आत्या,
महानंदा