घड्याळ दाबण्याआधी

९ जून

सगळं फिरलं ते संघाच्या निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, तिने मान वर न करता "ड्रॉ?" म्हटलं तेव्हा. वजीर मागे घेतला, ड्रॉ विचारला, मग घड्याळ दाबलं. अगदी नियमाप्रमाणे. ती सगळं नियमाप्रमाणेच करते.

मी सरळ पुढची चाल खेळलो. म्हणजे नकार.

डोक्यात तिडीक गेली होती! काल क्लबाच्या जिन्यात मी तिच्यापुढे मन मोकळं केलं, ती आवडते म्हणालो, अडखळत, घामाघूम होऊन. तर म्हणे, "उद्याचा डाव होऊ दे, मग बोलू." मग बोलू! आणि आज पटावर माझी कीव करते? माझ्यापुढे अर्धा गुण टाकते?

जिंकलो. तिचा वेळ संपत आला, घाईत डाव्या हाताने — ज्यावरून क्लबात सगळे तिला डावखुरी म्हणतात — चुकीची चाल झाली आणि हत्ती फुकट गेला. तिने राजा आडवा केला, माझ्याशी हात मिळवला आणि गेली. 

चौघांच्या संघात मी आलो. ती पाचवी. राखीव.

१० जून

बाबांनी शब्द पाळला. गेल्या वर्षी मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा ठरलं होतं — संघात आलास तर पुन्हा विषय काढणार नाही, नाही आलास तर मुकाट्याने परत वर्गात. आज पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री फिरवत म्हणाले, "जिंकलास म्हणे."

"हो."

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

ताई आतून ओरडली, "बाबा, सवय नाहीये हो त्याला जिंकायची!"

मी ताटावरून उठलो. ताई म्हणाली, "अरे, गंमत केली." गंमत!

१२ जून

ती क्लबात आली नाही.

१३ जून

आजही नाही. फोन उचलत नाही.

१५ जून

मास्तरांनी बाजूला घेतलं. त्यांनीच आम्हाला दोघांनाही खेळ शिकवला. म्हणाले, "संघाच्या शिबिराला निघायच्या आधी तो शेवटचा डाव तपास. कॉम्प्युटरला विचारायचं नाही. पट मांड आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"जिंकलेला डाव कशाला तपासायचा?"

"हरलेला कुणीही तपासतो रे, काडेपेटी."

काडेपेटी हे नाव तिने ठेवलेलं. पहिल्यांदा तिच्याशी हरलो तेव्हा मी पटावरच्या सोंगट्या उधळल्या होत्या. ती खाली बसून एकेक गोळा करत म्हणाली, "पेटलास? विझलास? चल, आता कुठे चुकलं ते बघू." मी सुधारलो तो तिथपासून. हत्ती-प्यादी उरलेल्या डावांचे शेवट तिने माझ्याकडून घोटून घेतले, मी जांभया देईपर्यंत. "घाई करू नकोस. समोरच्याने ही चाल का केली, ते आधी स्वतःला विचार." हे तिचं पालुपद. मी मान डोलवायचो आणि तिच्या बोटांकडे बघत बसायचो.

पट काढला. दोन सोंगट्या मांडल्या, परत डब्यात टाकल्या.

१७ जून

ती चौकातल्या औषधांच्या दुकानात कामाला लागलीय. क्लबातल्या एकाने सांगितलं, "डावखुरीने बुद्धिबळ सोडलं वाटतं." मी त्याच्या अंगावरच धावून जाणार होतो. कशासाठी? त्याने काय केलं होतं?

संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. ती एका म्हाताऱ्याला कुठली गोळी कधी घ्यायची ते समजावत होती. न कंटाळता, पुन्हा पुन्हा. मला शिकवायची तसंच. आत गेलो नाही. जाऊन मागणार काय — डोकेदुखीची गोळी?

१९ जून

आज दुपारी पट मांडला. डाव तोंडपाठ आहे. विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही.

तिच्या त्या वजिराच्या चालीपाशी अडकलो. वजीर मागे का? काही धोकाच नव्हता. मग पट फिरवला आणि तिच्या बाजूने बसलो.

उंट! उंट माझ्या राजापुढच्या प्याद्यावर टाकायचा. मी तो मारला की घोड्याचा शह, मागून वजीर आत — खलास. मी कुठेच उरत नाही. गेल्या महिन्यात मास्तरांनी भिंतीवरच्या मोठ्या पटावर हेच कोडं लावलं होतं. आम्ही सगळे डोकं खाजवत होतो आणि ती मागच्या बाकावरून म्हणाली, "उंट फेका की!" तिला हे दिसलं नसेल? तिला?

दिसलं होतं. जिंकली असती तर ती संघात आणि मी बाहेर, म्हणजे परत वर्गात. जिन्यात मी तेही रडगाणं गायलं होतं तिच्यापुढे. बरोबरी झाली असती तर गुणांच्या हिशेबात दोघंही आत. एकाच शिबिरात, एकाच गाडीने. म्हणून हातातला डाव सोडला तिने. आणि मी तिलाच बाहेर काढलं!

डाव झाल्यावर बोलू म्हणाली होती. तेवढीही वाट पाहिली नाही तिने. तिथेच बोलली, घड्याळ दाबायच्या आधी. मी ऐकलंच नाही.

मास्तरांना पहिल्यापासून माहीत होतं.

२० जून, सकाळ

मास्तरांना फोन केला. "माझं नाव काढा. राखीव आहे तिला न्या."  ते म्हणाले, "तपासलास म्हणजे डाव." तिला ते कळवणार होते. नको म्हटलं. मी जातो.

बाबांची इस्त्री तापतेय. त्यांना परत आल्यावर सांगेन. कॉलेज तर कॉलेज.

ती नाहीच म्हणेल. म्हणू दे. तोंडावर दार लावलं तरी लावू दे. या वेळी आधी सगळं ऐकून घ्यायचं. लगेच चाल खेळायची नाही.

शिबिराची बॅग इथेच कॉटवर राहू दे. निघालो. दार ओढून घेतो.