उशीला टोचलेल्या सुया

चि. धाकट्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला, की अजून तुझ्याच दुकानातलं औषध चालू आहे (म्हणजे थांबला नसणार)? भाचीला झोप लागते का? नवी नोकरी म्हटल्यावर पोरीची झोप उडणारच. मांजराचं विचारत नाही, ते तुम्हा सगळ्यांपेक्षा धडधाकट आहे.

आता माझा खांदा. तू लिहिलंस की सुया टोचून काही होत नाही, सगळा प्लासिबो, मनाची समजूत. आणि अक्काचा हात वर जात नाही तेव्हा भाचीला नोकरीसाठी कोट तयारच आणू. पहिलं मी माफ केलं, दुसरं नाही. त्या पोरीच्या अंगाला आजवर माझ्याखेरीज कुणाच्या हातचा कोट लागलेला नाही.

तर ऐक. सुईवाल्या डॉक्टरीणबाईंनी मला पालथं निजवलं, खांद्यात सुया टोचल्या (दुखत नाही रे, जन्मभर बोटांत टोचून घेतलेल्या शिंपिणीला त्याचं काय) आणि स्वस्थ पडा म्हणून शेजारच्या खोलीत गेल्या. स्वस्थ पडणं मला कधी जमलंय? मी डोळे मिटून मनातल्या मनात भाचीच्या कोटाला बाही जोडायला घेतली. बाही छान बसली. आता शिवण झाली की टाचण्या काढायच्या, ही हाताची जुनी खोड. डावा हात आपणहून उठला आणि खांद्यातल्या सुया काढून उशीत टोचत सुटला, त्याही एका ओळीत. बाई परत आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अक्का, उशीला आता बरं वाटत असेल."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यानंतर दर खेपेला त्या माझा डावा हात धरून बसायच्या. आणि परवा मी वरच्या फळीवरचा रिळांचा डबा उजव्या हातानं काढला! हे चहा प्यायचं विसरून बघत राहिले. आता तूच सांग, प्लासिबो मनात होतो ना? माझं मन तर सगळा वेळ बाहीत होतं, खांद्याकडे फिरकलंसुद्धा नाही. म्हणजे गुण सुयांचाच, ह्यात तिळमात्र शंका नाही.

तुझी,
अक्का

ता. क. उपचार संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, अशी बाईंची तंबी होती आणि मी ती पाळली. धाकटा दोन वर्षं हेच सांगत होता, असं हे म्हणतात. पण तू सांगायचास फुकट आणि काही न टोचता. असं कुणी ऐकतं का?

आणखी एक. कापड आणि भाचीची मापं पाठव (मापं वहिनीला घेऊ दे, तू आपलं दुकान सांभाळ). बाईंच्या उशीला अभ्रा शिवून द्यायचं मी कबूल केलंय, पण आधी कोट. उत्तर लगेच लिही बाबा. हात वर जातोय तोवर कापड यायला हवं.