सावत्र आईची कादंबरी आणि ज्ञानदाची पत्रिका

९ नोव्हेंबर, शनिवार
उद्या पुस्तक-मंडळ, समता कॉलनीत श्यामकांतरावांकडे. कादंबरी — काचेच्या जोड्याची परीकथा, पण सांगणारी सावत्र आई! माझ्या बायकोने, कुसुमने दोनदा वाचली. मी चार पानं. लग्नपत्रिका छापणाऱ्याला पुस्तकात चुका दिसतात, गोष्ट नाही.

१० नोव्हेंबर
मजा आली! श्यामकांतराव म्हणाले, "त्या माउलीच्या अंतर्मनातला वणवा!" पाच मिनिटांनी संपदा वहिनी — वणवा. मग भास्करराव — वणवा! मी कान टवकारले. सगळ्यांनी मोबाइलवर तोच दहा मिनिटांचा सारांश ऐकलेला. त्यात शेवटी ती पश्चात्तापाने मरते, म्हणून वहिनींनी डोळेही पुसले.

कुसुम म्हणाली, "मरत नाही ती. पोरीच्या लग्नात कोणी तिचं नाव घेत नाही, म्हणून घर सोडते."

त्यावर श्यामकांतराव, "कुसुम वहिनी, तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल."

कादंबरी निघून महिना नाही झाला! जुनी आवृत्ती कुठली? मी इतका हसलो की चिवड्याचा ठसका लागला. कुसुम हसली नाही.

११ नोव्हेंबर
लेकीच्या, ज्ञानदाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ काढलं. पोट्टी पहिल्या बायकोची, कुमुदची. कुसुम घरात आली तेव्हा ज्ञानदा सहा वर्षांची होती, आजही तिला 'मौसी'च म्हणते. म्हणून 'कै. कुमुद व अच्युत यांची कन्या' एवढंच लावलं. लग्नघरात उगाच तोंडं फुगायला नकोत! दुकानातलं प्रत्येक प्रूफ कुसुमच तपासते. हेही तपासलं. "काना-मात्रा बरोबर आहे," म्हणाली आणि खाली ठेवलं.

१२ नोव्हेंबर
पत्रिका छापल्या. कुसुम भावाकडे बिलासपूरला गेली.
"लग्न तोंडावर आणि तू काहून जाऊन राहिली?"
"जाऊन येते."
"कधी येशील?"
"पाहू."

१३ नोव्हेंबर
कुसुमचा फोन नाही. कादंबरी उशाशीच ठेवून गेली. शेवटचं प्रकरण वाचलं. मरत नाही ती.

१४ नोव्हेंबर
ज्ञानदा दुकानात आली. हातात पत्रिका.
"पापा, माँ का नाम कहाँ है?"
"आहे ना. पहिल्याच ओळीत."
"वो नहीं. जो मुझे रोज़ स्कूल छोड़ने जाती थी."
"मले वाटलं, तुले आवडणार नाही."
"आपने पूछा कब?"

नव्हतं विचारलं. दोघींनाही.