नंबरच्या पेटीचे दहा दिवस

३ डिसेंबर १९९१, सकाळी
विहिरीवरच्या मोटारघराची चावी पुन्हा सापडली नाही. कुलूप दगडानं फोडलं. पहिला घाव अंगठ्यावर, दुसरा कुलपावर, तिसरा पुन्हा अंगठ्यावर. या हिवाळ्यातलं तिसरं कुलूप. घरात नऊ कुलपं आणि साऱ्या चाव्या एका खुंटीवर. येईल तो हात लावतो. ठराव : आजपासून राग बंद, शिस्त चालू.

५ डिसेंबर
आदिलाबादेतून लोखंडी पेटी आणली. साऱ्या चाव्या आत, झाकणावर तीन आकड्यांच्या चकत्या. ध्यानात ठेवायचा फक्त एक नंबर. दुकानदार म्हणाला, दहा दिवस वापरून पाहा, नाही पटली तर पैसे परत. मात्र ओरखडा नको. बायकोचं, रेणुकाचं म्हणणं, खुंटी फुकट असताना डब्याले पैसे काऊन? तिला सेक्युरिटी समजत नाही. नंबर सांगितला नाही. चावी पाहिजे तेव्हा मला बोलवायचं.

८ डिसेंबर
सिस्टिम फर्स्टक्लास. दिवसात चौदा वेळा पेटी उघडली. पंधराव्या वेळी मी पारावर होतो, तर रेणुकानं धान्याच्या कोठीचं कुलूप वरवंट्यानं फोडलं. पेशन्स नाही.

११ डिसेंबर
एकच नंबर ठेवणं धोक्याचं. आज बदलला. कुठंही लिहिला नाही. मेमरी शाळेपासून शार्प.

१३ डिसेंबर, संध्याकाळी
रेणुका वेचणीला शेतात. तिचा भाऊ डोमाजी सकाळीच वांकिडीहून आलेला. जेवून तो कापसाच्या खोलीत ढिगावर झोपला, हे मला कोणी सांगितलं नाही. मी बाहेरून कुलूप घातलं, चावी पेटीत टाकली, चकत्या फिरवल्या. तासाभरानं आतून दार बडवणं सुरू.

नंबर आठवेना. शून्यापासून एकेक लावत गेलो. एकशे ऐंशीला पोचलो तेव्हा डोमाजी आतून माझ्या वडिलांवर घसरला. मी घण आणला. पेटीवर सात घाव. झाकण चेपलं, उघडलं नाही. माल पक्का आहे. पहार घातली, ती उसळून माझ्याच गुडघ्यावर. शेवटी कुऱ्हाडीनं दार तोडलं. आत डोमाजीला वाटलं, दरोडा पडला. त्याच्या हातात बैलगाडीची उभारी होती, चांगला जाड दांडा.

मीही एक ठेवून दिली. त्याचा दात हलतो आहे. मला कपाळावर पाच टाके. डॉक्टरनं विचारलं, कोणी मारलं? मेहुण्यानं, म्हणालो. त्यानं पुढं विचारलं नाही.

१४ डिसेंबर
डोमाजी न जेवता गेला. रेणुका बोलत नाही. दुकानदार ओरखड्याबद्दल बोलला होता, चेपण्याबद्दल नाही. परत करता येईल. पण एवढा मार खाऊन जी उघडली नाही ती परत का करायची? निर्णय पक्का : ठेवून घेतो.

१५ डिसेंबर
शेजारची देवकाबाई जखम बघायला आली. बसल्या बसल्या म्हणाली, "पाचशे सत्तावीस व्हता भाऊ, तुमचा नंबर."

तुला कसा ठाऊक, विचारलं. चकत्या फिरवताना मी मोठ्यानं म्हणतो म्हणे. अख्ख्या गल्लीला पाठ आहे. रेणुका मान खाली घालून तूर निवडत राहिली.

मग त्या दिवशी काऊन नाही सांगितलं?

"दोनदा आल्ती सांगाले. तुमच्या हातात पह्यले घण व्हता, मंग कुऱ्हाड."

ती गेल्यावर मनातल्या मनात म्हणत नंबर लावला. बरोबर होता. चकत्या जागेवर बसल्या.

झाकण वाकलंय. उघडत नाही.