दारवाल्या म्हातारीची वरची कडी

आबा, चौथीला माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही जुन्या बाजारातून आणून दिलेलं पाण्याखालच्या राज्याचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे, आणि आज त्याच्यापायीच माझं डोकं फिरलंय. तुमच्या पिठाच्या गिरणीत पोत्यावर बसून मी ते अक्षर अक्षर जुळवत वाचलं. त्यात तळ्याच्या तळाशी एक दार आहे, दाराशी एक म्हातारी. ती एकाच पानावर येते, राजपुत्राला "पाय पुसून ये" म्हणते, दार उघडते आणि संपते. पाण्याखाली पाय कसले पुसायचे म्हणून आपण दोघं हसलो होतो. मग मी विचारलं, हिला घरदार नाही का, पोरंबाळं नाहीत का? तुम्ही पट्टा चढवता चढवता ओरडलात, "अगं, तिचं काम दार उघडायचं हाय. उघडलं की न्हाई? मग सोड की बिचारीला!"

तिला आता कोणी सोडलेलं नाही. तुमची पणती, माझ्या लेकीची मुलगी, कॉलेजला इथं माझ्याकडेच असते. ती म्हणाली, "आज्जी, पुस्तकातल्या बारक्या माणसांच्या आधीच्या गोष्टी लोक मोबाईलवर लिहित्यात. मी तुझी म्हातारी घेतली." मी हौसेनं वाचायला घेतलं. मोबाईलवरच्या त्या जागेवर सगळ्यांचंच मागचं असलं दुःखाचं आहे. नावाड्याला बापानं मारलेलं, आचाऱ्याची आई जळून मेलेली, पिंजऱ्यातल्या कावळ्यालासुद्धा कुणीतरी फसवलेलं. होरपळल्याशिवाय माणसानं साधं दारही उघडू नये की काय? आणि म्हातारीचा नवरा होडी घेऊन गेलेला, बुडाला म्हणतात सगळे. तरी ती रोज निजताना दाराची वरची कडी तेवढी काढून ठेवते.

आबा, ती कडी माझी आहे. तुमचे जावई कामावरून उशिरा यायचे. खालची कडी त्यांना बाहेरून काढता यायची, वरची नाही. ते गेल्यापासूनही मी वरची लावलेली नाही. तांदूळ निवडताना एकदा पोरीजवळ बोलून गेले होते. आता मोबाईलवर त्या गोष्टीखाली कोण कुठली माणसं रडक्या तोंडांची चित्रं टाकतात. मला शिसारी आली. नाचणीनंतर गहू टाकला की पहिलं ओंजळभर पीठ तुम्ही बाजूला काढायचात, एकाचं दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून. घरातल्या पोरीला एवढं कळू नये?

"किळस आली मला," मी तोंडावर सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मग काढून टाकते सगळं. तुझं हाय ते, तू म्हणशील तसं." जराशानं म्हणाली, "शेवटचाच भाग राहिलाय, आज्जी. नवरा परत येतोय का न्हाई, ते अजून ठरवलं न्हाई."

मी भांडी घासायला निघून गेले. तिकडूनच ओरडले, "उद्या सांगते." त्यालाही आता आठवडा होत आला. ती रोज माझ्या तोंडाकडे बघते. हा कागद टाकायला तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, असता तरी टाकला नसता, कारण तुम्ही पहिलं हेच विचाराल की काढ का म्हणाली नाहीस. किळस अजून गेलेली नाही, आबा. पण तिनं काढून टाकलं तर म्हातारीचा नवरा यायचा राहील.