आबांची दाढी आणि चामड्याचा पट्टा

३ नोव्हेंबर, रविवार
पट्टा आला! आमच्या नवरोबांनी, प्रशीलरावांनी, खोका असा उघडला की आत तान्हं बाळ असावं. वस्तरा मागच्याच आठवड्यात आलाय. आता त्याची धार राखायला हा पट्टा — एका बाजूला चामडं, दुसऱ्या बाजूला जाड कापड. कुठलं चामडं घ्यायचं यावर पंधरा दिवस व्हिडिओ बघणं चाललं होतं. घोड्याचं गुळगुळीत असतं म्हणे, वस्तरा सरसर जातो. म्हशीचं जरा धरून ठेवतं. मला बघायला आला तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता!

७ नोव्हेंबर
पट्टा खिडकीच्या गजाला टांगलाय. रोज सकाळी पन्नास वेळा सटक-सटक. पट्टा सैल सोडतो आणि वरून जोर लावतो. परतताना वस्तरा उचलून थेट धारेवरच टेकवतो. चामड्याला तीन चिरा पडल्या. दाढी मात्र अजून सलूनमध्येच.

१० नोव्हेंबर
सासऱ्यांपुढे हात टेकले. अर्धांगवायूनं आबांचा उजवा हात गेला. साक्रीहून त्यांना इथे जळगावला आणलं, त्याला महिना झाला. तेवढ्याच दिवसांची दाढी. जन्मभर स्वतःच्या हातानं केली, आता होत नाही. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नेलं तर पायरीवरून परत फिरले. न्हाव्याला घरी बोलावलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तीस तारखेला माझ्या लेकीचा, मृणालीचा साखरपुडा, धुळ्याच्या बुद्धविहारात. आबा म्हणतात, "दाढी वाढाडीसन मी येवाव नही. कोनी मरेल शे का?" वाढल्या दाढीनं यायचं नाही म्हणे; बरं, करून घ्या. तर तेही नाही! हट्टी म्हातारा. मृणाली म्हणते, आबा नसतील तर अंगठी घालणार नाही. रडून डोळे सुजवून घेतलेत पोरीनं.

१५ नोव्हेंबर
प्रशीलनं पट्ट्याचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं — 'आपल्या पूर्वजांची राजेशाही परंपरा'. कौतुकानं आबांना दाखवला. आबांनी तो दोनदा बघितला. मग म्हणाले, "पट्टा कापी राहिना तू."

मग शिकवणी सुरू. पट्टा ताणून धर. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाला गेला की पाठीवरच पलटायचा, उचलायचा नाही. आधी कापडावर, मग चामड्यावर. जोर अजिबात नको. मी विचारलं, हे कुठं शिकलात? "मना बाप बठ्ठी वस्तीन्या दाढ्या करे."

घ्या! सासरी सगळ्या वस्तीचं न्हावीकाम चालायचं, हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर
प्रशीलनं स्वतःवर प्रयोग केला. हनुवटीवर दोन चिकटपट्ट्या. बँकेत विचारत होते, मांजर पाळलं का!

२२ नोव्हेंबर
मृणालीला हसवायला मी प्रशीलची नक्कल केली — पट्टा ताणला, वस्तरा फिरवला. आबा डोळे मिटून आवाज ऐकत होते. म्हणाले, "सूनबाईना हात हलका शे." प्रशीलचं तोंड बघण्यासारखं झालं. आज मी फार खूश.

२९ नोव्हेंबर
आबा म्हणाले, "सकाय दाढी तू कर."

मी? भाजी चिरताना बोट कापून घेणारी मी! गळ्याशी वस्तरा धरायचा. हात थरथरला तर? नाही म्हणावं तर उद्या आबा येत नाहीत आणि पोरगी अंगठी घालत नाही. भीती वाटते.

३० नोव्हेंबर
केली. एकही ओरखडा नाही.

गाल पुसताना सहज विचारलं, आबा, सलूनचं एवढं का वावडं? म्हणाले, "नऊ सालना व्हतू. बापनासंगे बजारमा गऊ. न्हावीनी इचारं, कोन्या वस्तीना? बापनी सांगं. त्यानी वस्तरा घडी करीसन पेटीमा ठी दिधा. मंग बापनी सोताना वस्तरा लिधा." वस्तीचं नाव ऐकून न्हाव्यानं वस्तरा मिटून पेटीत ठेवला, हे सांगताना आवाज अगदी रोजचाच.

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. माहेरी जातीचं असलं कुणी कधी काढलं नाही, मीही विचारलं नाही. प्रशीललाही माहीत नव्हतं. आणि मी गेला महिनाभर इथे 'हट्टी म्हातारा', 'न्हावीकाम' असं काय काय लिहून ठेवलंय! लाज वाटते. खाली गाडी उभी आहे, सगळे हाका मारताहेत, आणि आबांसमोर जायला माझा पाय उचलत नाही.